कावळ्याने ऐकलेलं नाव

२७ ऑगस्ट

यांचा दहावा झाला. कावळा शिवेना!

नदीवर सगळे उन्हात. पुरुष पिंडापाशी, आम्ही बायका जरा वर, दगडांवर. कावळे होते — पळसावर ओळीने बसलेले. खाली बघायचे आणि मान वळवायचे. यांचे चुलते शालिकरामभाऊ हात जोडून पुढे झाले. गावातला कुठलाही दहावा त्यांच्याशिवाय होत नाही. "धनराज, तुया मायले आमी पाहू." कावळा नाही. "तुया बायकोले काई कमी पडू देनार नाई." नाही. "तुया घराचा स्लॅब टाकून देऊ." हे ऐकून मीही वर पाहिलं. कावळा नाही. मागे कुणी तरी म्हणालं, "भाजी थंडी होऊन राह्यली."

मग सुनिल उठला. यांचा दोस्त, घुग्घुसला दोघेही कोळशाचे ट्रक चालवायचे. पिंडाजवळ वाकून अगदी हळू म्हणाला. पण नदीकाठी हळू काही राहत नाही.

"धनराज, घुग्घुसच्या रंजीताले मी पाहीन गा. तू जाय."

कावळा आला. एक नाही, तीन!

निशाच्या हातातला लोटा खाली पडला. निशा माझी धाकटी जाऊ. बाकी सगळ्यांनी हात जोडले. "सुटला बिचारा," शालिकरामभाऊ म्हणाले. आणि सगळे जेवायला निघाले.

२८ ऑगस्ट

त्या नावाबद्दल घरात कुणीही बोललं नाही. आज भेटायला येणाऱ्या बायका मात्र वाढल्या.

सासूबाई म्हणाल्या, "कावळ्याले काय समजते व? पाखरू ते." काल याच पाखरापुढे पदर पसरून बसल्या होत्या.

निशाने तेवढी बाजू घेतली. रंजीताला अशा शिव्या दिल्या की मलाच ऐकवेना. "मुडदा बसवला तिचा! दुसऱ्याच्या घरात घुसते!" मग माझ्याजवळ बसून खूप रडली. अजयभाऊ, तिचा नवरा, भामरागडकडे रस्त्याच्या कामावर असतात. पावसात तिकडचा रस्ता बंद झाला की महिना महिना येत नाहीत. दहाव्याला आले आणि आजच परत गेले. एकटी पडते बिचारी. माझ्यासाठी एवढं कोण रडतं?

३० ऑगस्ट

रडायला बसते आणि मध्येच तो फ्लेक्स आठवतो.

मी सेविका आहे त्या अंगणवाडीत असतो तो. दर डिसेंबरला त्या रोगाची, एड्सची, रॅली असते. पुढे पोरं, मागे मी, हातात फ्लेक्स. उरलेलं वर्षभर तो पोषण आहाराच्या पोत्यांवर पांघरलेला असतो, म्हणजे गळतं पाणी लागत नाही. त्यावर ट्रकचं चित्र आहे. ट्रकवाला हसतोय. मी पाच वर्षं तो ट्रक धरून गावात फिरले आणि माझ्या दारात रोज एक ट्रक उभा राहायचा!

रंजीताकडे हे एकटेच जात असतील का? ट्रक काय एकच आहे घुग्घुसला?

यांचा शर्ट अजून दोरीवर आहे. आज काढला. वास घेतला. डिझेल आणि तंबाखू. पुन्हा एकदा घेतला. आणि मग जाऊन साबणाने हात धुतले. शर्टाने होत नाही, मला माहीत आहे. ती घोषणा मीच देते!

१ सप्टेंबर

आरशात जीभ पाहिली. मान चाचपली. सासूबाई म्हणाल्या, "काय वं, सुपारी अडकली का?"

२ सप्टेंबर

निशाच्या तळहातांवर तांबडे ठिपके आले आहेत. सासूबाई म्हणाल्या, भाताच्या रोवणीची खाज, चिखलात हात घातला की होतेच. मलाही आषाढात असेच आले होते, कडूलिंबाचं पाणी लावलं, गेले. निशा म्हणते, "खाजत त नाई जी." नाही खाजलं तरी आमच्याकडे ती खाजच.

तीच मला विचारते, "बाई, त्या रोगात काय होते पहिल्यांदा? बारीक होते का माणूस?" मी कुठे तिला काही बोलले होते? पण तोंडावर दिसत असेल. म्हटलं, तुला काय करायचं?

४ सप्टेंबर

तपासून घ्यायचं ठरवलं. पण कुठे? तालुक्याच्या दवाखान्यात रक्त काढतो तो पियुष, यांच्या मामाचा मुलगा. सुई बाहेर निघायच्या आधी बातमी गावात पोचेल.

नदीपलीकडे जायचं. दुसरा जिल्हा! पूल ओलांडला की मला कोण ओळखतं?

महिना होईस्तोवर विधवेने उंबरा ओलांडायचा नाही म्हणतात. सासूबाईंना सांगितलं, ट्रेनिंग आहे. सरकारी. नाही गेलं तर नोटीस येते. लगेच म्हणाल्या, "मंग जा ना, डबा ने." सुतकाला काय, सगळ्याला उतारा आहे. ट्रेनिंगला नाही.

५ सप्टेंबर

काय लिहू!

तोंडाला स्कार्फ बांधून गेले. तिथे नाव विचारत नाहीत, नंबर देतात. फार चांगली व्यवस्था. फक्त बाकावर शालिकरामभाऊ बसलेले!

त्यांनी आधी टोपी खाली ओढली, मग वर केली. दोन्हीत ते शालिकरामभाऊच दिसत होते.

"सूनबाई, तू इथी काऊन?"

"ट्रेनिंग आहे."

"इथी?"

"इथीच. तुम्ही भाऊ?"

"मले कुत्रं चावलं."

कुत्र्याची सुई तालुक्यालाही मिळते. इतक्यात आतून दंडाला कापूस धरून सुनिल बाहेर आला. आम्हाला पाहून जागीच थांबला. कुणी काही विचारण्याआधीच म्हणाला, "मलेही चावलं जी! गावचंच हाय, तेच!"

तिघे एका बाकावर बसलो. समोर भिंतीवर तोच फ्लेक्स, तोच ट्रकवाला. पूर्ण गाव लपायला पूल ओलांडतं आणि एकाच बाकावर येतं. दुसऱ्या बाकावर पलीकडच्या गावाची माणसं असतील. आणि या जिल्ह्यातले सगळे आमच्या तालुक्याला जात असतील, पियुषच्या हाताखाली!

"सूनबाई," शालिकरामभाऊ उठताना म्हणाले, "आपन काई एकमेकाले पाह्यलं नाई."

म्हटलं, "कुणाला भाऊ?"

पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं त्यांनी.

अहवाल आठ दिवसांनी.

९ सप्टेंबर

ग्रामपंचायतीने ठराव घेतला — गावात पिसाळलेली कुत्री झाली आहेत, पकडून जंगलात सोडावीत. सूचक शालिकरामभाऊ. अनुमोदक सुनिल. शाळेजवळचा म्हातारा मोत्याही नेला. त्याला दातसुद्धा नव्हते.

१० सप्टेंबर

मी मेले तर कुणी काय बोलायचं म्हणजे कावळा शिवेल? आठवून पाहिलं. काहीच सापडेना. फार साधं जगले मी.

यांचा राग येतो. आणि संध्याकाळी ट्रकचा हॉर्न वाजला की चहा टाकायला उठते. दोन्ही एकदमच होतं. हे कुणाला सांगू?

१२ सप्टेंबर

तो मोठा रोग नाही! दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, तीन महिन्यांनी पुन्हा एकदा पाहू, पण आता नाही. देवा!

मग त्यांनी दुसरा कागद काढला. "हा मात्र निघाला." त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, सिफिलिस. मग हळूच — "गरमी म्हणतात ना, ते. घाबरायचं नाही. सुई घेतली की बरं होतं. हातापायांवर ठिपके आले होते का मध्ये?"

म्हटलं, रोवणीची खाज आली होती.

"सगळे हेच सांगतात," त्या म्हणाल्या. "मिस्टरांना घेऊन या."

"ते नाहीत."

त्या म्हणाल्या, "मग त्यांचा ज्यांच्याशी संबंध असेल, त्यांना सांगायला पाहिजे. त्यांनाही सुई लागेल. तुम्हाला जमेल का?"

वा! म्हणजे रंजीताला निरोप द्यायचाही मीच. नवरा कमी होता की काय!

सुई फार दुखते. घरी सांगितलं, बसमध्ये पडले. निशाने शेकायला पाणी गरम केलं. "ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं बाई?" म्हणाली.

१५ सप्टेंबर

सुनिलला सांगितलं, रंजीताला दवाखान्यात आण. लाजला. "मी तिले पाहीन म्हटलं होतं ना पिंडापाशी, त पाहूनच राह्यलो जी." शब्दाचा पक्का आहे!

१९ सप्टेंबर

रंजीता दवाखान्यात आली. वाटलं होतं, नटवी असेल. बारीक, चाळिशीची, चहाच्या टपरीवर हात भाजलेले. माझ्या शेजारी बसली. मी मनात काय काय ठरवलं होतं. तीच आधी बोलली.

"तुमच्याकडून आलं असंल त मी काय करू? सांगून ठेवतो!"

माझ्याकडून! हसूच आलं. आणि तीही हसली. मग पदराने डोळे पुसले. यांच्यासाठी रडणारी आणखी एक. मला राग यायला हवा होता.

म्हणाली, "तसा त धनराज दोन वर्सापासून येतच नोहोता माझ्याकडे. चहा पेयाचा अन् जायाचा. म्हने, आता नाई जमत रंजीता, घरीच जीव लागते."

परत येताना बसमध्ये पूर्ण रस्ता तेच ऐकत होते. घरीच जीव लागते. पुलावरून वैनगंगा भरून वाहत होती. मी चक्क खूश होते! घरी आल्यावर तो शर्ट दोरीवरून काढून घडी घातली, माझ्या पेटीत ठेवला. हात धुतले नाहीत.

२० सप्टेंबर

शर्टाची घडी घालताना नाही, आज भांडी घासताना लक्षात आलं. दोन वर्षं हे रात्री अंगणात खाट टाकून झोपायचे. आत गरम होतं म्हणायचे. थंडीतही.

माझ्याजवळ कधीमधी यायचे. जीव लागल्यासारखे कधी नाही.

२६ सप्टेंबर

सुनिलचा फोन. रंजीताचं रक्त चांगलं निघालं. काहीच नाही तिला. "माझंही काई नाई जी," असं वर. मी विचारलं नव्हतं.

मग मला कुठून?

२७ सप्टेंबर

पितृपक्ष चालू आहे. सासूबाईंनी छपरावर वडे ठेवले. कावळ्याने लगेच खाल्ले. "पाह्य, आता काई राह्यलं नाई त्याचं," म्हणाल्या.

मागे निशा उभी होती. तिने हात पदरात घेतले होते.

२८ सप्टेंबर

निशा संध्याकाळी चुलीपाशी येऊन बसली. एक काटकी आत सारली. मग दोन्ही हात माझ्यापुढे धरले. ठिपके. आषाढातल्या माझ्यासारखेच.

"बाई," म्हणाली, "तुमच्या ट्रेनिंगले मलेही नेता का?"

भाकरी तव्यावर जळली. ती काढली, दुसरी टाकली. मग म्हटलं, सकाळी सातची गाडी आहे. स्कार्फ घे.