वाळूखालचं बाक

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. कामाचं म्हणाल तर ठीक आहे. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर मंडळी बाई मेकॅनिक आली म्हणून गालात हसायची, आता बस अडली की मलाच हाका मारतात. पण या वाळूने जीव नको केलाय. सकाळी साफ केलेले फिल्टर दुपारी पुन्हा भरतात. डेपोमागे वाळूची भली मोठी टेकडी आहे. तिने भिंतीजवळचं बाक गिळलं, आता माझ्या वर्कशॉपवर तिचा डोळा आहे. ड्युटी संपली की मी खिडकी लावून खोलीत बसते. बोलायला कुणी नाही. महिनाअखेरीस राजीनामा देऊन घरी येते. रागावू नका. आईला नमस्कार.

तुमची,
पाना

१० फेब्रुवारी

चि. पाना हीस अनेक आशीर्वाद.

घर तुझंच आहे, केव्हाही ये. लहानपणी आईचं शिवणयंत्र खोलून बसलीस तेव्हाच तुझं नाव पाना ठेवलं. हे यंत्र जमलं नाही म्हणून काही बिघडत नाही.

फक्त येण्याआधी माझं एक काम कर. मुलांसाठी शब्दकोश लिहितोय ना, त्यात मी ‘व’पाशी अडून बसलोय. शब्द आहे ‘वालुकागिरी’. वालुका म्हणजे वाळू, गिरी म्हणजे डोंगर, एवढं कुणीही लिहील. मी जन्मात एकही पाहिलेला नाही आणि तू त्याच्या कुशीत राहतेस. दोन ओळींत अर्थ लिहून पाठव. मग खुशाल राजीनामा दे.

तुझा,
बाबा

१७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घ्या तुमचा अर्थ. वालुकागिरी : केसांत, डब्यात आणि उशीत शिरणाऱ्या वाळूचा आगाऊ ढीग. छापा!

पाना

२३ फेब्रुवारी

चि. पाना हीस आशीर्वाद.

ही व्याख्या नाही, तक्रार आहे. वर चढून बघितलंस का? खिडकी लावून डोंगराचा अर्थ लागत नाही, बाई. परत पाठवतोय, पुन्हा लिही.

बाबा

४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काल चढले! एकटीचं धाडस होईना, म्हणून तिकीट खिडकीवरच्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अगं, मी कधीची सोबत शोधतेय. वाऱ्याकडची बाजू घट्ट आहे, पाय रुततसुद्धा नाहीत. वर पोचलो आणि पाहते तर माथ्यावरून वाळू सारखी पलीकडे ओघळत होती. वारा मागची वाळू उचलतो नि पुढे टाकतो. सगळा डोंगर असा कणाकणाने चालतो, बाबा! आमच्या पावलांचे ठसे आमच्या डोळ्यांदेखत बुजले. मग ताईंनी पदर खोचला आणि बसून थेट खाली घसरल्या. मीही गेले. बुटांतून पसाभर वाळू निघाली आणि हसून हसून पोट दुखलं. आज ड्रायव्हर काकाही येणार म्हणतात.

ताई म्हणतात, टेकडी पुढे सरकली की मागून आपलं बाक वर येईल.

आता लिहून घ्या. वालुकागिरी : वाऱ्याबरोबर जागा सोडणारा, पण आपला आकार न सोडणारा वाळूचा डोंगर.

राजीनाम्याचं नंतर बघू.

तुमची लाडकी,
पाना

१२ मार्च

चि. पानास आईचे आशीर्वाद.

तुझ्या बाबांचं बिंग फोडते. कोश तू गेल्यावर लगेचच छापून आलाय. त्याचे गठ्ठे माझ्या शिवणयंत्राखाली पडलेत, पाय ठेवायला जागा नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, बोलावून घ्या पोरीला. म्हणाले, आली तर मला हवीच आहे, रोज जेवताना तिची आठवण येते. पण खोलीत कोंडून घेऊन परत आली, तर जन्मभर हरल्यासारखं वाटेल तिला. एकदा तो डोंगर चढू दे, मग यायचं तर येऊ दे.

तुझी व्याख्या त्यांनी मला तीनदा वाचून दाखवली. म्हणाले, आपली पाना अशीच आहे की गं. मग चष्मा पुसत बसले. दुसऱ्या आवृत्तीत तीच घालणार आहेत. माझ्या वाणसामानाच्या यादीतलेही शब्द कापणारा माणूस, पण तुझा एक शब्द कापला नाही!

मलाही घसरायचंय. यांचे गुडघे काय म्हणतात ते बघते.

तुझी,
आई

२ मे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, या वयात इतकी लबाडी? तुमचे फार फार उपकार आहेत. राजीनामा लिहिलाच नाही. खिडकी आता उघडी असते आणि वाळू येते-जाते.

मुख्य बातमी म्हणजे टेकडी वर्कशॉपच्या कडेने पुढे सरकली आणि बाक वर आलं! काल ताईंनी आणि मी ते झाडून पुसलं, एक ढिला नट होता तो आवळला. दोघांपुरतंच आहे. तुम्ही दोघं बसा, मी उभी राहीन. पण लवकर निघा, कारण मागून दुसरी टेकडी चालत येतेय.

वाट बघणारी,
पाना