रहीमभाईंच्या घोड्याला उत्तर

मी, आवडाबाई कारभारी साबळे, वय ६८, धंदा पिठाची गिरणी, राहणार उस्मानपुरा, औरंगाबाद, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्या शुद्धीबद्दल कोणास शंका असल्यास त्याने हयातीतच माझ्यासमोर बुद्धिबळाचा पट मांडावा.

१. राहतं घर मुलगा पुंजाराम यास. गिरणी मुलगी सरू हिला, कारण पट्टा तुटला की तीच धावत येते.

२. घरापुढचा ओटा पुंजारामने मोडू नये. "आई, तिथं शटर टाकू, दुकान निघंल. म्हातारी माणसं खेळत बसतात, लोकं हसतात," असं तो म्हणतो. हसू द्यावं.

या ओट्याची हकीकत लिहिणं भाग आहे. यजमान वारल्यावर गिरणी मी चालवू लागले. घड्याळं दुरुस्त करणारे रहीम शेख दर शुक्रवारी दळण घेऊन यायचे आणि पीठ होईपर्यंत ओट्यावर पट मांडायचे. खेळ त्यांनीच शिकवला आणि वर्षानुवर्षं हरवलंही त्यांनीच, एकाच हल्ल्याने. त्यांचा उंट आणि घोडा माझ्या राजाशेजारच्या प्याद्यावर डोळा ठेवून उभे राहत. उंटाची वाट अडवायला मी मधलं प्यादं पुढं करी, ते मारत. मी घोड्यानं त्यांचं प्यादं मारून हिशेब चुकता करी. लगेच त्यांचा घोडा राजाजवळ येऊन प्यादं खाई. तो फुकट दिसे, म्हणून माझा राजा त्याला मारायला बाहेर येई आणि मग त्यांचा वजीर त्याला पटभर पळवी.

मला वाटे, चूक राजाची. एकदा ज्वारी दळताना उमगलं, चूक त्याच्या आधीची. गेलेल्या प्याद्याचा बदला लगेच घ्यायची मला घाई. पुढच्या शुक्रवारी मी तो घेतलाच नाही. दुसरा घोडा पटाच्या कडेला नेऊन त्यांच्या उंटालाच डिवचलं. उंट हलला, मग घोडाही मागं फिरला, आणि माझी सगळी फौज मोकळी झाली.

रहीमभाई म्हणाले, "ये किसने सिखाया?"

"तुम्हीच. हरवून हरवून."

"लई उशीर लावला, बाई," म्हणाले आणि हरल्यावर सरूसाठी जिलेबी घेऊन आले. सरूला अजून वाटतं, तेच जिंकले होते.

३. सबब पट व सोंगट्या रहीम शेख यांना. ते हयात असेपर्यंत दर शुक्रवारी ओट्यावर बसण्याचा त्यांचा हक्क राहील. समोर बसायला कोणी नसेल तर पुंजारामने बसावं. हरेल, पण बसावं.

४. दीर तात्यासाहेब "बाईमाणसाला गिरणी झेपायची नाय" म्हणाले होते. त्यांना काही नाही. राग नाही, द्यायला उरलंच नाही.

साक्षीदार म्हणून रहीमभाईच येणार होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने सही करू नये. मी रहीमभाईंना विचारलं, सही करता की पट घेता?

"सही तो कोई भी कर देगा," म्हणाले आणि पट तेव्हाच काखेत मारून घरी गेले.

लिहून देणार : आवडाबाई कारभारी साबळे (सही)

साक्षीदार :
बद्रीनाथ सांडू जाधव, किराणा दुकानदार (सही)
वच्छलाबाई त्र्यंबक मगर, शेजारीण (सही)

मुक्काम औरंगाबाद, १२ फेब्रुवारी १९९८