दोन आणि तीनच्या मधले पाहुणे

सुनचन, रविवार

सौ. ताईस मालसुकचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींनी दारू सोडली, की अजून फक्त सोमवारीच सोडतात? इकडे मी सोडून सगळे खुशाल.

तुला ठाऊकच आहे, लग्न जमवणाऱ्या बाईंनी मला परस्पर बारावी पास करून टाकलं (मी तेव्हा सूतगिरणीत बॉबिनं बदलत होते), आणि सासूबाई आजही शेजारणींना "आमची सून शिकलेली" असं सांगत फिरतात. म्हणून या वयात बारावीची परीक्षा चोरून द्यायची वेळ आली. व्यायामाला जाते म्हणून निघते आणि प्यो सरांच्या शिकवणीला जाऊन बसते. बाकी सगळं जमलं गं, गाडी अडली ती क्ष वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा यापाशी. ते शून्य कुठे होतं हे मी चुटकीसरशी सांगते: दोनला आणि तीनला. पण ऋण कुठे, मधे की बाहेर, इथे माझ्या जिवाला घोर. सर म्हणतात, "काकू, दोन कंस आहेत. दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण असले तर गुणाकार धन. एकच फिरला की ऋण." (आमच्या घरासारखंच. सासूबाई आणि मी दोघी रुसलो की घर कसं शांत असतं; एकच रुसली की भांडी आपटतात.) मी मान डोलावते, आणि घराचा जिना चढेपर्यंत मधलं पुन्हा बाहेर जातं.

मंगळवारी किमचीसाठी मुळा चिरत होते. मनात क्षच्या जागी अडीच घालून पाहिले. अडीचातून दोन गेले, धन. अडीचातून तीन गेले, ऋण! मी सुरी उगारून ओरडले, "दोन आणि तीनच्या मधेच!"

सासूबाई दारात. "कोण येतंय गं दोन-तीनच्या मधे?"

तोंडातून निघून गेलं, "पाहुणे."

"कोण पाहुणे?"

"एक... एक शिक्षक आहेत."

"लग्न झालंय त्यांचं?"

"नाही," म्हटलं (खरं तेवढं एकच बोलले), आणि संपलं! मिरान वन्संना, चाळिशी उलटलेल्या, केस धुवायला पिटाळलं. वाफवायला मासा निघाला. मी न्हाणीघरात कोंडून घेऊन सरांना फोन लावला, "सर, हातातलं टाका आणि जेवायला या, नाहीतर माझी परीक्षा बुडाली."

बिचारे आले, घामाघूम. सासूबाईंनी विचारलं, "शिकवता काय?" "गणित, आजी." "अगंबाई! आमची सून बारावीला गणितात पहिली होती!" सरांना जोराचा ठसका लागला. सावरून म्हणाले, "वाटतंच त्यांच्याकडे बघून." मी ताटातल्या माशासारखी डोळे विस्फारून बसले. वन्सं मात्र, ज्या लग्नाचं नाव काढलं की उठून जातात, त्यांनी न सांगता सरांच्या वाडग्यात पुन्हा सूप वाढलं. सर पुढच्या रविवारी पुन्हा यायचेत. माझे मात्र हाल झाले. आता शिकवणीत धन-ऋण राहतं बाजूला आणि सर विचारतात, "काकू, मिरानजींना डोंगर चढायला आवडतं का हो?"

तुझी धाकटी,
मालसुक

ता.क. परीक्षा एप्रिलातल्या पहिल्या शनिवारी आहे आणि त्याच दिवशी सासूबाईंचा वाढदिवस. त्या दिवशी सून घरात नाही म्हणजे आभाळच कोसळेल. तेव्हा ताई, एवढं कर, तू आजारी पड. गुडघा नको, तो जुना झाला. छातीचं काहीतरी बघ. मी तुझ्या शुश्रूषेला म्हणून निघेन.

ता.क. दुसरा. राहवेना म्हणून आत्ता ह्यांना सगळं सांगून टाकलं. बराच वेळ पायमोजे घालत बसले. मग म्हणाले, "केंद्र लांब आहे. मी गाडीने सोडतो. आईचं मी बघतो." ताई, मला रडूच फुटलं. तेव्हा आजारी पडायचं कारण नाही.

ता.क. तिसरा, सोमवारी. पडच. मी काल पहिला ता.क. लिहिला तेव्हाच उतावळेपणाने तुझ्या छातीचं सासूबाईंना सांगून बसले होते, ते विसरलेच. गुरुवारी त्या स्वतः कालवांची पेज घेऊन बसने तुझ्याकडे निघाल्यात. सकाळपासून अंथरूण सोडू नकोस, आणि भावोजींना जरा काळजीत दिसायला सांग.