‘थांब’ म्हणणाऱ्याचा पगार

मी, शरच्चंद्र दत्ताजी मोहिते, वय शहात्तर, सेवानिवृत्त व्यायामशिक्षक, राहणार देवास, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे वकीलसाहेबांनी सांगितले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. का, ते पुढे येईलच.

वकीलसाहेबांचे म्हणणे, कोर्टात हिंदी चालते, हिंदीतच लिहा. हिंदी तर्जुमा त्यांनी जरूर सोबत जोडावा. मैदानावर जन्मभर हिंदीतून ओरडलो. शेवटचे बोलणे आईच्या भाषेत करू द्यावे.

१. राहते घर, अंगण आणि घरातले सामान माझी पत्नी सौ. लतिका हिला पूर्ण मालकीने देतो. देव्हाऱ्यातले टाकही तिच्याकडेच राहतील. ‘आता एकट्या कशाला राहता’ असे तिला कोणी म्हणू नये. तिला वाटेल तेव्हा ती स्वतः म्हणेल, आणि तिला वाटले की ती कशी म्हणते ते मी पन्नास वर्षे ऐकत आलो आहे.

२. मालिशचे टेबल, बर्फाच्या पेट्या, पट्ट्या, कुबड्या आणि प्लास्टरचा सांगाडा ही अवजारे घरामागच्या हॉलमध्येच राहावीत. ज्या महाविद्यालयात मी खेळाडूंच्या दुखापतींची निगा हा वर्षभराचा अभ्यासक्रम शिकवला, तिथे यातला कापसाचा एक बोळाही जाऊ नये. तिथल्या प्राचार्यांनी अभ्यासक्रम बंद केला तो एका प्रश्नावर: “मोहितेजी, इसमें प्लेसमेंट कितना है?” मी ताठ मानेने उत्तर दिले की मी शरीर ओळखायला शिकवतो, अर्ज भरायला नाही. माझ्या विद्यार्थ्यांना सामना चालू असताना गुणफलकाकडे पाठ करून बसावे लागे. कोण जिंकते ते बघायला सगळे गाव असते. पाय कसा पडतो ते बघणारा एकच असतो.

घरी येऊन हे उत्तर मोठ्या ऐटीत लतिकाला ऐकवले. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “तुमची पेन्शन पक्की आहे, म्हणून विद्येसाठी विद्या सुचते. त्या पोरांनी शरीर ओळखून खायचं काय?” मी रागावून जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जेवलो, आणि विचारही करू लागलो.

३. आता हॉलविषयी. हा हॉल आधीच्या मृत्युपत्रात मी अक्षतला दिला होता. अक्षत माझ्या दिवंगत भावाचा मुलगा, आमच्याच घरी वाढलेला. तो धारला पोलीस आणि वनरक्षक भरतीची अकादमी चालवतो. निवड झालेल्या मुलामुलींचे हार घातलेले फोटो फ्लेक्सवर लागतात, डीजे लावून गावात मिरवणूक निघते. लोक हसतात, पण त्या फ्लेक्सवरच्या प्रत्येक चेहऱ्यामागे एक घर सावरलेले आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अकादमीत अर्धी फी आधी घेतात आणि अर्धी निवड झाल्यावर.

माझी मुलगी देवश्री माझ्याकडे शिकली, पुढे पदवी घेतली आणि अक्षतच्या अकादमीत ट्रेनर म्हणून लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आली तेव्हा मला फार आनंद झाला. लतिका बरोबर होती, शिक्षणाने पोटाला लावले पाहिजे, असे म्हणून मी हॉल अक्षतच्या नावे लिहिला.

मागच्या वर्षी अकादमीतली श्रिया भरतीच्या दौडीला उभी राहणार होती. मुलगी पीपलरावां गावची, जिद्दीची. त्या सकाळी तिच्या पायाची नळी दुखत होती. देवश्रीने बोटाने दाबून पाहिले, तर दुखणे एकाच जागी, हाडावर. अक्षत म्हणाला, “देवू, टेप लगा दे. जरा-सी तो दौड़ है.”

देवश्री भावाला म्हणाली, “भिया, टेप दुखणं झाकेल, हाड नाही झाकणार.”

श्रियाने तिचे हात धरले. “ताई, दौड़ने दो. अगले साल ओवरएज हो जाऊँगी.”

देवश्रीने टेप लावली नाही. मैदानावरच्या डॉक्टरांना जाऊन सांगितले आणि त्यांनी श्रियाला उतरू दिले नाही. एक्स-रेत हाडाला चीर निघाली. दौडली असती तर तुटले असते किंवा तुटलेही नसते. छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. अक्षतने दुसऱ्या दिवशी देवश्रीला कामावर येऊ नकोस म्हणून सांगितले. श्रियाचे वडील आमच्या दारात उभे राहून म्हणाले, “हड्डी तो जुड़ जाती, मैडम. नौकरी नहीं जुड़ेगी.”

तेव्हापासून देवश्री बँकेच्या परीक्षेची गाइडे घेऊन बसते. अभ्यास नेटाने करते, पण गल्लीत कोणी लंगडत गेले की पान तसेच ठेवून खिडकीशी जाते. एवढे शिकवलेली मुलगी या कामातून उठून जाणार की राहणार, हाच माझ्यापुढचा प्रश्न आहे, आणि हे मृत्युपत्र त्यासाठीच पुन्हा लिहिले आहे.

बराच विचार करून मी या मताला आलो आहे. शिकवणाऱ्याने नोकरीचा विचार केलाच पाहिजे, कारण जिला काम नाही ती घरी बसते, आणि घरी बसलेलीचे ‘थांब’ मैदानावर ऐकू जात नाही. पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हाही जगाचा नियम आहे. जिचा पगार निकालावर टांगलेला आहे तिने ‘थांब’ म्हणावे तरी कसे? कणा ताठ ठेवा असे मी वर्गात फार सांगितले. रिकाम्या पोटी तो किती दिवस ताठ राहतो, हे सांगितले नाही, कारण मला कधी उपाशी राहावे लागले नाही.

४. म्हणून हॉल मी देवश्रीला देतो. माझ्या सर्व ठेवींचे व्याज दरमहा तिला मिळावे. ही बापाची भेट नव्हे, पगार आहे. तिने सही करून घ्यावा आणि रजा मांडावी. जिथे बोलावतील त्या मैदानावर तिने जाऊन उभे राहावे, पण मैदानवाल्यांकडून पैसे घेऊ नयेत. कोणाला थांबवले म्हणून तिला कामावरून काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझ्या हयातीत हा पगार मी पेन्शनीतून देईन. पेन्शन कमी पडेल, असे लतिका म्हणते. मग माझे दूध बंद करावे.

हॉलमध्ये तिने विद्यार्थीही घ्यावेत. नोकऱ्या कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हे त्यांना पहिल्याच दिवशी खरे सांगावे. अर्ज भरायलाही शिकवावे. मी शिकवले नाही.

देवश्रीला बँकेतच जावेसे वाटले, तर तिने खुशाल जावे. मग हॉल विकावा आणि पैसे तिने घ्यावेत. ‘बाबांची इच्छा होती’ असे म्हणून तिला कोणी अडवू नये. बाबांची इच्छा ती सुखात असावी एवढीच आहे, बाकी सगळी मते आहेत.

५. श्रियाला हॉलमध्ये शिकायचे असेल तर तिची फी कधीही घेऊ नये. ती अजून आमच्याशी बोलत नाही. तिने बोललेच पाहिजे, अशी अट नाही.

६. अक्षत. त्याच्यासाठी या कलमात मी आधी रस्त्याकडचा गाळा लिहिला होता. हॉल काढून घेतला, पण तो मला परका नाही. मागच्या रविवारी त्याला धारहून बोलावले आणि हे सगळे वाचून दाखवले, कारण मराठी वाचताना तो अडखळतो. ऐकून त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. मग विचारले, “काका, मेरे ग्राउंड पे भी आएगी ये?”

“तू बोलावलंस तर.”

“और किसी को रोक दिया, तो मैं निकाल नहीं सकूँगा?”

“नाही.”

त्याने देवश्रीकडे पाहिले नाही. वकीलसाहेबांना विचारले की साक्षीदार कोण. ते म्हणाले, एक शेजारच्या विनोदिनीबाई. दुसरा अजून ठरायचा आहे, फक्त ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये.

“तो मेरा वाला काट दो, काका. गवाह मैं बनता हूँ.”

लतिका कळवळली. “अरे, मग तुला काहीच राहत नाही रे!”

“राहू दे काकू. मेरे सामने तय हुआ है, इतना लिखा रहे.”

म्हणून या कलमान्वये अक्षतला काहीही दिलेले नाही. गाळा लतिकाला जाईल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

देवास, दि. १० ऑगस्ट २०२५

सही: शरच्चंद्र दत्ताजी मोहिते

साक्षीदार पहिल्या: विनोदिनी पुराणिक, शेजारीण, राहणार देवास

साक्षीदार दुसरा: अक्षत मानाजी मोहिते, पुतण्या, राहणार धार

(सहीखाली, अक्षतच्या हातचे. साक्षीदाराने असले काही लिहायचे नसते, असे वकीलसाहेब म्हणाले. मी खोडू दिले नाही.)

सुनकर, समझकर साइन किया। देवश्री कल सुबह से ग्राउंड पर आ जाए।