चारीच्या तोंडाचा संगणक

सुरत, रविवार, २००८

तीर्थस्वरूप कुंडलिक आण्णा, तुमचा पुतण्या सावळेराम अवसरीकडं तोंड करून वाकलाय, आशीर्वाद द्या. गुडघा कसा हाय? (कालव्यावर पळताना लोकांनी बघितलं म्हणं, म्हंजे बराच असंल.) काकींनाबी नमस्कार.

मी हितं खुशाल हाय असं लिवणार व्हतो, पण डोकं लई फिरलंय. आमच्या ट्रान्सपोर्टच्या आफिसात चार संगणक हायेत. जवरीलालशेठ रविवारी आमा हमालांना ते वापरू देतो. तिकडं धाकटी अक्षदा आईला मंचरच्या नेटकॅफेत आणती, मग मला पडद्यावर आई दिसती. पण नेटची लाईन एकच, अन् पहिल्या संगणकावर बेल्ह्याचा धर्माजी बसतो. त्यो पिक्चर लावतो अन् समदं नेट वढून घेतो. शेवटाच्या माझ्या संगणकाला नुसता पाझर. गेल्या रविवारी आई म्हणाली, "आण्णांनी पाणी..." अन् तोंड उघडं ठिवूनच थिजली! आठवडाभर पोती उचलताना माझ्या डोळ्यापुढं तेच उघडं तोंड. (आण्णांनी पाणी काय? दिलं? प्यायलं? देवाला घातलं?)

धर्माजीला म्हणलं, भाऊ, जरा थांबव की. तर म्हणतो, "राव, जो तोंडाला बसंल त्यो आधी घेईल. तू बस बोंबलत!" आण्णा, माणसाच्या जातीनं असं बोलावं का, तुमीच सांगा.

मग नेट जोडणाऱ्या माणसाला चहा पाजून इचारलं. त्यानं दाखवलं, नेटच्या डब्याचं एक पान संगणकावर उघडतं, त्यात कोणता संगणक किती वढतोय ते दिसतं, अन् कुणाला किती सोडायचं तेबी ठरवता येतं. म्हंजे वावरात पाण्याची दारं धरायचंच काम की! ना फावडं, ना चिखल. आपल्याकडं वावरं चारीच्या तोंडाकडनं मोजत्यात, म्हणून मी पहिला नंबर आवळला. तर त्या डब्यात पहिला नंबर निघाला शेठचा! शेठ परदेशातल्या लेकीशी, रीनाताईशी, बोलत व्हता. बोंबलतच आला, "सावळ्या, मेरी बेटी अटक गई!" लई शिव्या खाल्ल्या. मग बरोबर धर्माजीचं दार आवळलं. त्याचा हिरो मारायला उचललेला पाय हवेत धरून तसाच ऱ्हायला, अन् हिकडं आईचं तोंड हाललं. पुढचं समदं वाक्य आलं.

असो. तब्येतीला जपा, कालव्यावर पळू नका.

तुमचा आज्ञेतला,
सावळेराम

ता.क. वाक्य लिवायचं ऱ्हायलं. आई म्हणाली, "आण्णांनी पाणी आपल्या वावरात येऊच दिलं न्हाई, कांद्यानं माना टाकल्यात." तुमचं वावर कालव्याच्या चारीच्या तोंडाला, आमचं शेपटाला. वरचं समदं धर्माजीबद्दलच लिवलंय, तुमी मनाला लावून घिऊ नका. फकस्त बेस्तरवारची आमची पाण्याची पाळी सोडा.

ता.क. दुसरा. न्हाई सोडली तर मी येतोय. धर्माजीबी येतो म्हणतो, आता आमचं जमलंय. चारीच्या तोंडाला बसून हालायचं न्हाई, हे काम त्याला चांगलं येतं. तुमच्याच बांधावर बसंल. काकींना सांगा, त्यो जेवतो लई.