रामरावांची चौथी भिंत

देऊळगाव राजा,
ता. ९ फेब्रुवारी १९६४

चि. रंगरावास मामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाल. माझा गुडघा तेवढा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर कुरकुरतो, पण त्याचं ऐकलं तर पोटाला कुरकुरावं लागेल. तुझ्या आईचा खोकला कसा आहे? तिला म्हणावं, ज्येष्ठमध चघळ आणि आठ दिवस सुनेवर ओरडणं बंद ठेव. (दुसरं औषध जास्त गुणाचं, पण ती पहिलंच घेईल.)

नांदुऱ्यात तू रंगाच्या दुकानाला जोडून बैठकी सजवून द्यायचं काम मांडलंस आणि गिऱ्हाईक भाव ऐकताच चपला शोधतं, असं लिहिलंस. बाबा, तीस वर्षं भिंती रंगवून मी एकच शिकलो: भाव कमी करायचा नाही, काम कमी करायचं. विचारायचं, यातलं काय काढू? आपल्याच बैठकीतलं अमुक नको म्हणायला माणसाची जीभ रेटत नाही, मुकाट पुरा भाव कबूल करतो. ही युक्ती मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

मग भेटले आमचे रामराव अडते. त्यांच्या सुमनला बघायला पाहुणे यायचे होते. आधीची एक सोयरीक "घर जुनाट दिसते" म्हणून फिसकटलेली, त्यामुळे घरात कोणाला घास गोड लागत नव्हता. तरी भाव ऐकून ते घोड्यासारखे फुरफुरले. मी विचारलं, काय काढू? तर म्हणतात, "वामनराव, पाव्हणे ज्या भितीले पाठ लावून बसतीन ते काढा. त्यायले काय मांगं डोये हायेत?"

शब्द माझाच, गिळावा लागला. तीन भिंती पिस्ता रंगाच्या केल्या, वर वेलबुट्टीचा पट्टा काढला. पूर्वेची भिंत तशीच ठेवून तिच्यापुढे गादी-तक्के मांडले.

पाहुणे आले तेव्हा मी पडद्याची दांडी ठोकत होतो, तिथेच अडकलो. मुलाची आजी झुंबरबाई गादीजवळ येऊन थबकली. "मावळतीकडं तोंड करून म्या जन्मात सोयरीक बोलली नाही," म्हणाली. झालं! गादी उचलून समोर नेली आणि सगळे पाहुणे उगवतीकडे तोंड करून बसले. म्हणजे थेट त्या भिंतीसमोर! तिच्यावर तेलकट डोक्यांचे डाग, एक गंजका खिळा आणि कोळशाने काढलेला बैल. रामराव माझ्याकडे असे बघू लागले, की मी पडद्यातच तोंड लपवलं.

"हा बैल कोनं काहाडला?" आजीने विचारलं.

"म्या. दुसरीत होती तवा," सुमन म्हणाली. "मार बी खाल्ला."

"अन् पाचवा पाय कशाचा वो माय?"

"शेपूट हाय ते."

म्हातारी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. म्हणाली, "बाकीच्या भिती परवाच्या हायेत. हेच एक खरं बोलते, अन् पोरगीबी." सुपारी तिथेच फुटली. सुमन हसत आत पळाली, तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण पुढचं ऐक. आता गावभर बोलबाला, की चौथी भिंत कोरी ठेवली तर सोयरीक जमते. कोणी चार भिंती सांगतच नाही. गफ्फारभाई कापडवाले तर म्हणतात, "दोनच रंगवा, बरकत दुप्पट होईल." तेव्हा माझा सल्ला ऐकूच नको. हवा तर भाव कमी कर, पण भिंत सोडू नको.

तुझा मामा,
वामन

ता. क. माझ्या लेकीला, रुख्मिणीला बघायला पुढच्या सोमवारी जालन्याचे पाहुणे येणार आहेत. तुझ्या दुकानातून पिस्ता रंगाचे डबे एस.टी.ने पाठव. मागच्या पत्रात लिहिलास तो भाव फार होतो रे. घरच्या माणसाला काही कमी कर. आणि रंग तीनच भिंतींपुरता पाठव.

ता. क. दुसरा : आमची पूर्वेची भिंत अगदीच स्वच्छ निघाली, म्हणून काल रुख्मिणीला कोळसा देऊन बसवलं. बैल सुरेख काढला, पण मेलीने पायच चार काढलेत.