देवकाबाईंचे मास्तर

२१ जुलै, सोमवार
आदर्श शिक्षक पुरस्काराचे प्रस्ताव मागवले! येत्या एक तारखेच्या आत फाइल सेलूला पंचायत समितीत पोचली पाहिजे. आपणच आपलं कौतुक लिहायचं, आपणच आपले फोटो चिकटवायचे, आणि मग लोकांनी म्हणायचं, वा गुरुजी! कसली ही रीत. तरी मला पाहिजे तो पुरस्कार. एकतीस वर्षं झाली, दोन उरली. माझ्यासोबत नोकरीला लागलेला हिंगणघाटचा बंडूजी अजून त्याचा पुरस्काराचा हारातला फोटो पाठवत असतो, लेकाचा!
कोकिळा म्हणते, पुरस्कार काय भाजीत घालता? बायकोपुढे बोलायची सोय नाही.

२३ जुलै, बुधवार
'नवीन उपक्रम' या पानावर अडलो. काय लिहू? पाढे घेतो, शुद्धलेखन घेतो, कान पिळतो. तिसरी, चौथी, पाचवी एकाच खोलीत सांभाळतो — त्याला रकानाच नाही.
शाळेत शिक्षक आम्ही दोघंच. पहिली-दुसरी दीपमाला मॅडमकडे. तिला अडचण सांगितली, तर म्हणाली, माझा देवकाबाईंचा उपक्रम लिहा तुमच्या नावानं, शाळा तर एकच आहे.
कोणता उपक्रम? दुपारी चुलीपाशी येऊन पाहा, म्हणाली. सहा वर्षं भिंतीपलीकडे शिकवते आणि मला पत्ता नाही!

२४ जुलै, गुरुवार
फोटो काढायला म्हणून गेलो. अजून अंगावर काटा आहे.
देवकाबाई शाळेची खिचडी शिजवते. साठीची बाई, रजिस्टरवर अंगठा लावते. पोरं दुपारी तिच्याभोवती गर्दी करतात म्हणून मी रोज खेकसतो — भाजाल, हटा! आज कळलं ती गर्दी काऊन असते. दीपमालानं ठरवून दिलंय: सकाळी शिकलेलं अक्षर दुपारी देवकाबाईला शिकवायचं. शिकवता आलं की ते पक्कं. परीक्षा नाही, छडी नाही.
आणि ती दुसरीतली अंकिता! वर्षभर तोंडातून शब्द नाही. मी तिच्या आईला सांगून बसलो होतो, पोरीच्या डोक्यात काही शिरत नाही. ती पोरगी चुलीपाशी, राखेत बोटानं 'ळ' काढून देवकाबाईला दटावत होती —
"आजी, ध्यान कुठी हाय तुमचं? पुन्हा काढा."
आणि देवकाबाई पदराला हात पुसून गुमान पुन्हा काढत होती!
फोटो राहूनच गेला. एकतीस वर्षं शिकवतो म्हणतो मी, पण शिकणं असं समोर घडताना पाहिलं नव्हतं. धन्य ती बाई! धन्य तिघीही!

२५ जुलै, शुक्रवार
दीपमालाला विचारलंच. हे कोणाला सांगितलं काऊन नाही? तुम्हाला नको पुरस्कार? तिनं तपासायची वही मिटली.
"सर, माही पोरगी दवाखान्यात होती तेव्हा दीड महिना पाचही वर्ग तुम्ही सांभाळले. कधी बोलून नाई दाखवलं. तेव्हापासून मले शाळेत येवासं वाटते. मले माहं बक्षीस तेव्हाच मिळालं."
मी ते विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. डोळे भरून आले. खडू शोधायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

३० जुलै, बुधवार
तरी लिहिलं माझ्याच नावानं! तिनंच दिलं ना? मी कुठं चोरलं? झालं, संपलं.

३१ जुलै, गुरुवार
फाइल टेबलावर उघडी होती. देवकाबाई चव पाहायला खिचडीची वाटी घेऊन आली. वाटी ठेवली, पानावर बोट ठेवलं आणि अडखळत वाचलं — "दे-व-का-बाई." मी खुर्चीतून उडालोच! बाई, तुम्ही वाचलं! दीपमालाला हाक मारली, पोरांना हाका मारल्या. सगळे गोळा झाले. तिचं बोट मात्र खाली सरकत होतं. माझ्या नावावर थांबलं.
"गुरुजी, इथं मॅडमचं नाव पाह्यजे ना?"
चुकलं माझं, म्हणालो. सगळ्यांसमोर.
अंकितानं आपलं खोडरबर पुढे केलं. पेनानं लिहिलेलं होतं. तरी घेतलं, आणि दीपमालाच्या नावाची फाइल नव्यानं लिहायला बसलो.